नानीबाईची रकाबी

भीमराज खिल्लारे आमच्या पुसेगावात सत्तावीस वर्षं वायरमन होता. आसपासच्या वाड्या-तांड्यांतलं असं एकही घर नसेल जिथं त्यानं मीटर बसवलं नाही की जळलेला फ्यूज बदलला नाही. माणूस कमी बोलणारा, कामाला चोख. मागच्या वर्षी तो निवृत्त झाला. त्याची गोष्ट मी सांगतोय ती त्यानंच एका दुपारी मला सांगितली म्हणून. ऐकल्यावर मी कुणाला सांगू का, असं विचारलं, तर म्हणाला, "सांग. माझं नाव घालून सांग."

त्याच्या घरी पुढच्या खोलीत काचेचं कपाट आहे. आपल्याकडं अशा कपाटात पोरांच्या ढाली आणि बाहुल्या ठेवतात. भीमराजच्या कपाटात चौतीस जुन्या इंग्रजी बशा उभ्या करून ठेवलेल्या आहेत. निळ्या, तपकिरी, एखादी हिरवट. कुणावर नदी आणि पूल, कुणावर मेंढ्या, कुणावर घोड्यावर बसलेली बाई, आणि काठाला फुलांची नक्षी.

नाद लागला तो हिंगोलीत. एका हॉटेलात पंखा दुरुस्त करताना त्याला दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलेली निळी बशी दिसली. वाफेनं ओली झालेली, आणि तिच्यावर झाडाखाली बसलेली दोन माणसं. पंख्याच्या कामाबद्दल त्यानं ती बशीच मागून घेतली. हिंगोलीत कधीकाळी इंग्रज अधिकाऱ्यांची छावणी होती. ती उठली तेव्हा साहेबांच्या घरातलं सामान कुणी लिलावात घेतलं, कुणाला बक्षीस मिळालं, आणि बशा खेड्यापाड्यांत पसरल्या, असं भीमराजचं म्हणणं. घराघरांत हिंडायची नोकरी असल्यानं त्याला त्या दिसत गेल्या. शेळीच्या पेंडीखाली, देवळीत, चुलीमागं. समोरचा देत असेल तर तो घ्यायचा, बदल्यात घरातलं वायरिंग करून द्यायचा, कुणाला नवा डिनर सेट आणून द्यायचा. नाही म्हटलं तर मुकाट निघायचा.

मोबाईलवर बघून बघून तो पुष्कळ शिकला. या बशा कुंचल्यानं रंगवलेल्या नसतात. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात शाई भरून ते पातळ कागदावर छापायचं, मग तो कागद एकदा भाजलेल्या बशीवर दाबून बसवायचा आणि पाण्यानं धुऊन काढायचा. कागद जातो, चित्र बशीला राहतं. वरून चकाकी चढवून पुन्हा भाजायची. काठाच्या नक्षीचा कागद गोल फिरवून आणला की शेवटी दोन टोकं कुठंतरी भेटतात आणि बहुतेक वेळा नीट जुळत नाहीत. अर्धं फूल इकडं, अर्धं पान तिकडं. तो बेमेल जोड दिसला की भीमराजला आनंद व्हायचा, कारण माल जुना आणि खरा असल्याची ती खूण.

चार वर्षांपूर्वी साखऱ्याजवळच्या तांड्यात नवी मीटर बसवायचं काम निघालं. त्यात नानीबाई राठोडचं घर होतं. वय पंचाहत्तरच्या पुढं, केस पांढरे, पण आवाज खणखणीत. सून दिपा अंगणात कापूस निवडत होती. आत भिंतीत खिळे मारताना भीमराजला फळीवर लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी गोल दिसलं.

"याडी, ते काय हाय?" त्यानं विचारलं. तांड्यातल्या म्हाताऱ्या बाईला आमच्याकडं सगळेच याडी म्हणतात, म्हणजे आई.

नानीबाईनं हात पुसले, फडकं सोडलं. "आमची रकाबी. सायबानं दिलेली."

गडद निळी, ताटाएवढी. नदी, पलीकडं पडका मनोरा, अलीकडं दोन गुरं आणि काठीला टेकून उभा माणूस. या चित्राची बशी भीमराज सहा वर्षं शोधत होता. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि जपून मांडीवर ठेवली.

नानीबाई सांगू लागली. तिच्या सासऱ्याचा आजा बैलांच्या पाठीवर धान्य लादून छावणीला पोचवायचा. एका पावसाळ्यात सगळ्या वाटा बंद झाल्या तरी तो पोचला. साहेब खूश झाला. रकाबीवर गुरं आणि गुराखी, म्हणून ही तुझीच म्हणत त्यानं ती आपल्या हातानं दिली. तेव्हापासून घरात लेकराचं नाव ठेवताना, लग्नात, लापशीचा पहिला घास हिच्यावर काढतात. गोष्ट सांगताना शेजारच्या तीन-चार बाया आणि पोरं दारात येऊन बसली होती. सगळ्यांना ती पाठ होती, तरी ऐकत होती. नदीला पूर आला, तिथं एक पोरगं आधीच म्हणालं, "आन् बैल पोहले!"

"याडी, मला द्या ही," भीमराज म्हणाला. "तुमाला पाहिजे ते देतो."

"न्हाई भाऊ. घरातली वस्तू हाय, कशी देऊ?"

"सगळ्या घराचं वायरिंग नवं करून देतो."

"अंधारात राहीन, पण न्हाई."

इथं तो उठून निघाला असता तर ही गोष्टच झाली नसती. आजवर तो तसाच निघत आला होता. पण त्या दिवशी त्यानं रकाबी उचलली, उजेडात धरली आणि काठावर बोट ठेवलं.

"याडी, राग नका धरू, पण ही सायबाची न्हाई. हे बघा. हितं नक्षी जुळत न्हाई. फूल अर्धंच हाय. सायबाच्या घरी असला बिघडलेला माल चालंल का? हे छापलेलं हाय, कागद चिटकवून. बाजारात ढिगानं मिळत व्हत्या. नकली हाय."

दारातल्या बाया वाकून बघायला लागल्या. "व्हय की," एक जण म्हणाली, "फूल तुटलंय." एक पोरगं हसलं. नानीबाईनं रकाबी त्याच्या हातातून घेतली, डोळ्यांजवळ नेली, बोटानं त्या जागेवरून चाचपून पाहिलं. इतकी वर्षं पुसत आली होती, पण तिनं ते फूल कधी पाहिलं नव्हतं.

"असंल," एवढंच ती म्हणाली.

भीमराजनं मीटर बसवलं, सही घेतली आणि जाताना दिपाला म्हणाला, "नको असली तर कळवा. चांगली स्टीलची भांडी देतो." मोटरसायकलवर बसल्यावर त्याला वाटत होतं, दोन महिन्यांत फोन येईल.

फोन आला नाही. सात-आठ महिन्यांनी तांड्याची लाइन पडली तेव्हाच तो पुन्हा गेला. खांबावरून उतरला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं नानीबाईच्या अंगणात शिरला. रकाबी अंगणातच होती. तिच्यात कोंबडीच्या पिल्लांना पाणी ठेवलेलं होतं. काठाचा एक टवका उडाला होता.

दिपानं तांब्या दिला आणि त्याची नजर बघून म्हणाली, "न्या की भाऊ, तुमाला लागती तर. पोरीचं नाव ठेवताना मीच म्हनलं, नकलीवर काहून लापशी काढायची? नवं ताट घेतलं."

"याडी काय म्हनल्या?"

"काय म्हनंल? काहीच न्हाई." मग आवाज बारीक करून ती म्हणाली, "आता गोष्टीबी सांगत न्हाई. सुरू केली की पोरं म्हनत्यात, याडी, ही असली का नकली? मग गप बसती."

नानीबाई ओसरीवर पाठ करून बसली होती. त्याचा आवाज ऐकून वळली नाही. भीमराजनं पाणी ओतून दिलं, रकाबी पिशवीत घातली आणि निघाला. मला सांगताना तो म्हणाला, "खोटं बोललो ते एका झटक्यात. पण पिशवीत घातली ती चांगली विचार करून घातली. त्याची जास्त लाज वाटते."

घरी येऊन त्यानं ती साबणानं धुतली, कपाटात मधोमध ठेवली. बायको रुक्माबाई बघत होती. नवी बशी आली की तो तिला बोलावून चित्र दाखवायचा. या वेळी बोलावलं नाही, म्हणून तीच आली.

"कुणी दिली?"

त्यानं सगळं सांगितलं. लपवायची सवय नव्हती. रुक्माबाईनं काचेतून ती पाहिली. मग म्हणाली, "बशी आणलीत ते ठीक. त्या बाईची जीभ कशाला कापलीत?"

त्यानंतर तिनं त्या कपाटाला हात लावणं सोडलं. काचेवर धूळ बसायला लागली. पौर्णिमेला दोघं विहारात जायचे. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की भीमराजचे नुसते ओठ हलायचे. शेजारी बसलेल्याला कळत नसे, रुक्माबाईला कळायचं. दोनदा तो साखऱ्याच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आला. एकदा वाटलं, रकाबी पोस्टानं पाठवून द्यावी. पण नुसती रकाबी जाऊन काय होणार होतं? नकली वस्तू परत आली, एवढंच लोक म्हणाले असते.

निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात तो गेला. सकाळी नऊची वेळ, बाया कापसाला निघायच्या आधी. पिशवीत नानीबाईची रकाबी आणि कपाटातल्या आणखी तीन बशा, जुन्या धोतरात गुंडाळलेल्या. अंगणात दिपा होती, शेजारच्या बाया डबे घेऊन जमल्या होत्या. नानीबाई ओसरीवर.

तो ओसरीखाली उभा राहिला. "याडी, मी तवा खोटं बोललो. ही रकाबी खरी हाय. इंग्रजी हाय, सव्वाशे-दीडशे वर्षांची. मला पाहिजे व्हती म्हनून नकली म्हनलो."

नानीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "तवाबी तुमी असंच हुभे व्हतात," ती म्हणाली. "असंच बोट ठेवून सांगितलं. कोनतं खरं धरू?"

त्यानं धोतराचं गाठोडं सोडलं, चारही बशा ओसरीवर मांडल्या आणि प्रत्येकीचा जोड दाखवला. इथं पान तुटलंय, इथं वेल सरकलाय, इथं फूल अर्धं. कागद कसा लावतात, कसा धुतात, सगळं सांगितलं. बुडाखाली भट्टीत टेकवल्याचे तीन-तीन बारके ठिपके असतात तेही दाखवले. दिपानं एकेक बशी उलटी करून पाहिली. हसलेलं ते पोरगं आता मोठं झालं होतं, तेही वाकून बघत होतं.

"म्हंजी सायबानंच दिलेली?" दिपानं विचारलं.

भीमराज म्हणाला की त्या क्षणी हो म्हणणं सगळ्यात सोपं होतं. म्हातारी खूश झाली असती, तोही सुटला असता. पण त्यानं मान हलवली. "रकाबी इंग्रजी हाय एवढं मला कळतं. कुनी दिली, कशी आली, ते मला न्हाई माहीत."

"ते मला माहीत हाय," नानीबाई म्हणाली.

तिनं आपली रकाबी ओढून घेतली. उडालेल्या टवक्यावरून अंगठा फिरवला. बाकीच्या तीन बशा त्याच्याकडं सरकवल्या.

"याडी, माफ करा," तो म्हणाला.

"तुमी पानी प्या अन् जा भाऊ," ती म्हणाली. "पोरींना कापसाला उशीर व्हतो." तिनं दिपाला पाणी आणायला लावलं. तो प्यायला, निघाला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्यालाही पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

घरी आल्यावर त्यानं कपाट रिकामं केलं आणि प्रत्येक बशीमागं चिठ्ठी चिकटवली. कोणत्या गावातल्या कुणाच्या घरून, आणि ती कशी आली याबद्दल त्या घरचे काय सांगत होते. अर्ध्या बशांबद्दल त्याला काहीच आठवेना. त्यानं कधी विचारलंच नव्हतं. आता सवड मिळेल तसा तो त्या घरांना जाऊन विचारतो. काहींना आठवतं, काहींची म्हातारी माणसं राहिलेली नाहीत. नवी बशी मात्र तो घेत नाही.

परवा सेनगावच्या बाजारात त्याला दिपा भेटली. कडेवर पोरगी, हातात भाजीची पिशवी. दुसरं लेकरू झालं, नाव ठेवताना लापशी रकाबीवर काढली, असं तिनं आपणहून सांगितलं.

"याडी गोष्ट सांगत्यात का आता?" त्यानं विचारलं.

"लेकरं लईच मागं लागली तर सांगती," दिपा म्हणाली. "पर आधी म्हनती, खरं का खोटं ते मला इचारायचं न्हाई. मग सांगती. पहिल्यासारखं न्हाई, बारक्या आवाजात."

तिची गाडी लागली होती. भीमराजनं भाजीची पिशवी वर चढवून दिली. गाडी सुटेपर्यंत तो तिथंच थांबला. मग घरी येऊन रुक्माबाईला दिपा काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि त्याला चहा ठेवला.