सासूला काय म्हणायचं

सासूला माझ्या हातचं आवडत नाही, असं ठरवून मी लग्नानंतर कितीतरी महिने चुलीपुढे रडले. चूक माझीच होती. पण त्या वयात मी मूर्खपणालाच स्वाभिमान म्हणायचे.

मी राजुऱ्याची, बी.ए. मराठी. दिली सिरोंच्याच्या तेलुगू बोलणाऱ्या घरात. नवरा नोकरीवर बाहेरगावी. घरात सासू आणि मी, दोघी दोन भाषांत गप्प. "तिला अत्ता म्हण," एवढं सांगून नवरा गेला होता. अत्ता? माझ्या बापाची बहीण ती आत्या, ही कुठली? पेटीतला शब्दकोश काढला. तर आमची आत्याच मुळी दक्षिणेकडून आलेली! तेलुगूत अत्ता म्हणजे आत्या, मामी आणि सासूसुद्धा. संस्कृतात गेली तर थेट आई. शेजारची गोंड बाई बापाच्या बहिणीला आती म्हणायची. एवढ्या नात्यांचा शब्द मी नीट वाचला, कोश मिटला आणि सासूला कशानंच हाक मारली नाही. विदुषी ना मी!

ताट वाढायचं, तिच्यापुढे आदळायचं, आत निघून जायचं. ती पाठ करून बसून राहायची. भात गार झाला की कधीतरी दोन घास खायची. मला वाटे, चव जमत नाही. मी रोज चिंच वाढवत गेले.

शेवटी दारावर मासे विकायला येणारी बाई माझ्यावर खेकसली, "हाक काऊन नाई मारत तिले? या घरात सुनेनं नातं घेऊन बोलावल्याबिगर मोठं माणूस ताटाले हात लावत नाई. कुत्र्यापुढे टाकल्यावानी टाकून जातेस वं तू!"

आता, इतक्या वर्षांनी, सासूच्या माघारी त्याच घरात मी एकटी आहे. सून बंगळुरूहून फोनवर 'मम्मी' म्हणते, गोड म्हणते. जेवणाच्या वेळी मात्र कुणाची हाक नसते. कधी कधी मीच मोठ्यानं "अत्ता" म्हणून बघते. भिंतींना तेलुगू येत असेल, पण बोलत नाहीत.

मासेवाली खेकसून गेली त्या दुपारी मात्र मी घसा खाकरून म्हटलं होतं, "अत्ता, जेवायला या."

ती आली. पाटावर बसली. ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोडक्या मराठीत म्हणाली,

"तुहं ताट कुठी हाय? मी काय पाव्हणी हाव, एकटी जेवाले?"