बावन्न इंचाची पँट

संयोगिता जन्मात कधी पंचावन्न किलोच्या वर गेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तिनं साऱ्या कोल्हापूरला सांगितलं की ती एकेकाळी एकशे चार किलोची होती.

राजारामपुरीतल्या ज्या इमारतीत तिनं वजन कमी करायचं सेंटर काढलं, तिच्या तळमजल्यावर माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. एकवीस वर्षं झाली. संयोगिता मूळची नेसरीची. लग्न होऊन इकडं आली तेव्हा शालूवरचा ब्लाउज अंगात लोंबतो म्हणून माझ्याकडंच आली होती. दोन्ही बाजूंनी टिपा मारून दिल्या, तरी ढिलाच राहिला. नंतर तिनं पाण्याची फिल्टरं विकली, मग स्वयंपाकघरातले डबे, मग विमा. दर वेळी पहिलं गिऱ्हाईक मी. त्या डब्यांत मी आता बटणं ठेवते. बोलायला फार गोड. समोरच्या बाईला कशाची लाज वाटते हे तिला दोन मिनिटांत कळायचं, आणि तेवढ्या एकाच गुणावर तिचे सगळे धंदे चालले.

सेंटरसाठी ती पुण्याला जाऊन दोन दिवसांचं शिक्षण घेऊन आली. त्याचं प्रमाणपत्र काचेत लावलं आणि नावाखाली 'वेलनेस कोच' असं छापून घेतलं. मी शिवणकाम शिकायला दीड वर्ष घातलं होतं, आणि चुकलं तर माझ्याकडून फक्त कापड वाया जायचं.

उपचार म्हणजे काय, तर सकाळ-संध्याकाळ जेवणाऐवजी पावडरीचं दूध, दुपारी अर्धी भाकरी आणि काकडी, आणि वर कमरेला पट्टा बांधून गदागदा हलवणारं एक मशीन. वजनाची गंमत मला बायकांच्या बोलण्यावरून कळली. नवीन बाईचं पहिलं वजन नेहमी दुपारी चारला, जेवून आल्यावर, अंगावर साडी-दागिने, हातात पर्स. पुढची सगळी वजनं सकाळी सातला, उपाशीपोटी, पर्स बाजूला ठेवून. पहिल्या आठवड्यातच दीड-दोन किलो उतरायचे. बाई खुश. माझ्याकडं मात्र ब्लाउज आत घ्यायला कोणी येत नव्हतं. शिवणीत ठेवलेली माया उसवून सैल करायलाच येत होत्या, आधी येत होत्या तशाच.

एक दिवस संयोगिता खाली आली आणि म्हणाली, काकू, एक पँट शिवून पाहिजे, कमर बावन्न इंच. मी विचारलं, कुणाला? तर म्हणाली, मलाच. मग हसत हसत सगळं सांगितलं. त्या पँटीत उभं राहून, कमरेचा पट्टा हातानं पुढं ताणून धरून ती फोटो काढणार होती. खाली लिहिणार, 'ही माझी जुनी पँट.' कापड नवं दिसायला नको म्हणून चार वेळा धुऊन द्या, असंही सांगितलं.

मी शिवली. धुतली, गुडघ्यावर दगडानं घासली, गच्चीवर तीन दिवस उन्हात टाकली. शिलाई दुप्पट घेतली. नाही म्हणायचं तेव्हा सुचलंच नाही असं मी कितीदा तरी लोकांना सांगितलं आहे, पण ते खोटं आहे. सुचलं होतं.

तो फोटो चौकात लागला आणि गर्दी वाढली. त्या गर्दीत कुरुंदवाडच्या आक्का आल्या. पन्नाशीच्या, घरी दोन म्हशी, धारा काढून काढून दंड असे भरलेले की माझ्या मापाच्या बाह्या त्यांना कधी बसल्या नाहीत. दिराच्या मुलीचं लग्न होतं, फोटोत सासू बारीक दिसायला पाहिजे म्हणून सून अक्षता त्यांना घेऊन आली होती. ब्लाउजचं माप द्यायला दुकानात आल्या तेव्हा मी म्हटलं, तुम्हाला कशाला हे नसतं खूळ?

"ती बाई त्या पँटीत मावत हुती की," आक्का म्हणाल्या. "मी तर तिच्या निम्मी हाय. माझं का न्हाय हुणार?"

मी खाली मान घालून टेप गुंडाळत राहिले.

अकराव्या दिवशी आक्का जिना उतरून आल्या आणि माझ्या पायरीवर बसल्या. घामानं निथळत होत्या, हात थरथरत होते, आणि गावाचं नाव विचारलं तर सांगता येईना. माझ्या सासूला साखरेचा आजार होता, त्यामुळं मला ते ओळखू आलं. पाण्यात साखर कालवून पाजली, रिक्षा बोलावली आणि डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी एकच विचारलं, गोळी घेऊन जेवला नाहीत का? साखरेची गोळी रोजची चालू, आणि पोटात नुसती पावडर. सेंटरचा फॉर्म मी नंतर बघितला, त्यात 'आजार' म्हणून एक ओळ होती. त्यावर अक्षतानं 'साखर' असं लिहिलेलं, आणि संयोगितानं त्याच्यापुढं बरोबरची खूण केली होती.

आम्ही रिक्षात बसायला निघालो तेव्हा संयोगिता जिन्यात आली होती. तिनं पाणी विचारलं नाही. विचारलं ते असं, "आक्का, बाहेरचं काही खाल्लं का?"

आक्कांना सावरून परत आणल्यावर मी पहिल्यांदाच त्या सेंटरात चढले. आठ-दहा बायका होत्या, एक पट्ट्यावर हलत होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "ती पँट मी शिवलीय. ही बाई कधीच जाडी नव्हती."

मला वाटलं होतं, आता दंगा होईल. संयोगिता शांतपणे म्हणाली की काकू, ते प्रतीक आहे, लोकांना प्रेरणा लागते. तेही मी समजू शकले असते, तिचं पोट त्यावर होतं. पण कोपऱ्यात बसलेल्या एक शाळामास्तरीण बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आम्हाला काय कळत न्हाय व्हय? पण त्या पँटीकडं बघितलं की रातचा भात सुटतोय माझा."

दोघी-तिघींनी माना डोलावल्या. पट्ट्यावरची बाई हलतच होती. मी जिना उतरून खाली आले आणि मशीनवर बसले. राग संयोगितावर होता, त्या बायकांवर होता, आणि दुप्पट शिलाई घेणारीवर सगळ्यांत जास्त.

सेंटर आणखी आठ महिने चाललं. समोरच्या इमारतीत चरबी गोठवायच्या मशीनचं नवं दुकान आलं, तेव्हा मास्तरीणबाईंसकट सगळ्या तिकडं गेल्या.

आक्का लग्नात चांगल्या जेवल्या. पण सुनेनं काय केलं? कुरुंदवाडात घरासमोरच्या खोलीत तिनं स्वतःच सेंटर काढलं. पावडर घरच्याच म्हशीच्या दुधात कालवते, वरची साय न काढता, म्हणजे चव येते म्हणून. आक्कांनी हे सांगितलं तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. मला आलं नाही.

अक्षताला शिकवलं संयोगितानंच. जाड बायकांपेक्षा सेंटर काढू बघणाऱ्या बायका जास्त पैसे देतात, हे संयोगिताला वेळेवर कळलं. आता ती हॉटेलचा हॉल घेऊन दोन दिवसांचा वर्ग भरवते. चंदगडपासून बायका येतात.

गेल्या महिन्यात माझ्याकडं आली होती. चाळीस पांढरे कोट पाहिजे होते, डॉक्टरांसारखे, खिशावर नाव भरलेले. वर्ग संपला की प्रत्येकीला एक देणार होती. मी नको म्हटलं. तिनं वाद घातला नाही, उलट माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, वजन थोडं उतरवा म्हणाली, आणि गेली.

कोट पुढच्या गल्लीतल्या टेलरनं शिवले. मी बघितले. कॉलर चांगली बसवलीय.