तोंड खाली केलेली डिश

आठवीतून शाळा सुटली आणि वाशिमकडचं घर सोडून मी बोर्ली पंचतनला टीव्हीच्या डिश बसवायला आलो. अशाच एका घरी निवृत्त मास्तर भेटले. त्यांनी मला हौशी रेडिओचा, म्हणजे वायरलेस सेटवरून लांबच्या माणसांशी बोलण्याचा नाद लावला. परवान्याची परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झालो.

मग मायक्रोवेव्ह लहरींवर माझं पहिलं बोलणं ठरलं. या लहरी टॉर्चच्या झोतासारख्या सरळ जातात, नेम चुकला की संपलं. मास्तरांच्या ओळखीच्या एक बाई काशीदच्या टेकडीवर सेट लावून बसल्या होत्या, आम्ही बोर्लीजवळच्या, सेटला टीव्हीचीच जुनी डिश जोडून. अर्धा तास नुसती खरखर. शेवटी बाईंचाच फोन आला, "अहो मास्तर, उन्हात माझं सुकट झालं!"

मला वाटलं, आता मास्तर माझं शिक्षण काढणार.

मास्तर डिशकडे बघून हसायला लागले. "अरे, सिरियल बघायचीय काय तुला?"

टीव्हीची डिश दिसते त्याहून बरीच वर बघते. समोरच्या टेकडीवर नेम धरायचा तर तिचं तोंड जमिनीकडे झुकवावं लागतं. मला ते ठाऊक होतं, हाताला नव्हतं. सवयीनं ती आभाळातल्या उपग्रहाकडे उचलूनच मी बोल्ट आवळले होते.

डिश वाकवली आणि बाईंचा आवाज खणखणीत आला. मी माझा कॉल साइन, म्हणजे परवान्यावरची ओळखीची अक्षरं, सांगितला, एक अक्षर चुकलं म्हणून परत सांगितला.

"ऐकलं, ऐकलं! माझी डिश वाऱ्यानं हलत्येय. येऊन घट्ट करून देशील का रे?"

कितवी शिकलास, हे त्यांनी विचारलंच नाही.