भिंतीपलीकडचं ‘अहो’

फौजदारांचं नावच ‘परत सांगा’ पडलं होतं. समोरच्यानं काहीही सांगितलं की ते शांतपणे म्हणत, “परत सांगा.” नवे शिपाई वैतागत, घरी बायको तर हातच जोडी. पण या गृहस्थांचा आपल्या कानांवर भारी भरवसा.

लाकडी सामानाच्या कारखान्यातल्या एका सुताराचा भरदुपारी त्याच्याच घरात खून झाला. डोक्यात हातोडा. त्याचं बाहेर लफडं होतं. कुणाशी, ते कुणाला ठाऊक नव्हतं. हवालदारानं त्याच्या बायकोलाच ठाण्यात आणून बसवलं.

“साहेब, बाईचं डोकं फिरलं. शेजारणीनं भांडण ऐकलंय. उद्या कोर्टात उभी करू.”

बाई एवढंच म्हणे, “मी बाजारात होते.” पण तिला तिथं पाहिलेलं कुणी सापडेना.

फौजदार हवालदाराला घेऊन शेजारणीकडे गेले आणि मधल्या भिंतीला पाठ लावून बसले.

“काय ऐकलंत?”

“तो नुसता गयावया करत होता. ‘अहो, ऐकून तरी घ्या.’ मग धाडकन आवाज झाला.”

“परत सांगा.”

“अहो, ऐकून तरी घ्या.”

“बायकोला ‘अहो’ म्हणायचा?”

शेजारणीला हसू आवरेना. “तो? ‘ए’ आणि ‘अगं’च्या पुढे कधी गेला नाही. घरी येणाऱ्यांत ‘अहो’ म्हणायचा तो फक्त कारखान्याच्या मालकांना.” एवढं बोलली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

दारातला हवालदार खाली बघू लागला.

कारखान्यात मालक एका तासलेल्या फळीवरून हात फिरवत होता. फौजदारांनी स्टूल पुढे ओढलं.

“तो ‘ऐकून घ्या’ म्हणत होता. का नाही ऐकलंत?”

“काय ऐकायचं? माझ्याच बायकोचं कौतुक?” मालक बोलून गेला आणि त्याचा हात फळीवर जागच्या जागी थांबला.

“परत सांगा,” फौजदार म्हणाले.

मालकानं फळी बाजूला ठेवली. मग त्यानं सगळं सांगितलं.

ठाण्यात बाई बाकावर तशीच बसून होती. फौजदारांनी तिला काय झालं ते सांगितलं, शेजारणीनं ऐकलेल्या ‘अहो’सकट.

“उभ्या जन्मात मला कधी मानानं हाक मारली नाही,” ती म्हणाली, “ते बरंच झालं म्हणायचं.”

तिनं डोळे पुसले. “घर उघडू देता ना आता? आत सगळं तसंच पडलंय.”

फौजदारांनी खणातून किल्ली काढून तिच्या हातात दिली.