माझ्या नावावर अण्णांचं मत

सन २००३. मी बासष्ट वर्षांचा होतो. फेब्रुवारी सरत आला होता. अण्णांच्या विहिरीत गुडघाभर गाळात उभा होतो, तेव्हा वरनं हाक आली, "सुरुंग्या, वर ये. तुझं नाव निघालंय."

मी दचकलो. आमच्यासारख्याचं नाव निघतं ते गावात चोरी झाल्यावर.

गाळ वर ओढायच्या यारीच्या दोराला धरून वर आलो. अंगावरनं गाळ निथळत होता. अण्णांच्या बंगल्याच्या ओट्यावर पुण्याची एक पोरगी खुर्चीत बसली होती. मांडीवर कागदांचा गठ्ठा. शेजारी चहा, बशीत शेव. अण्णा म्हणजे आमच्या गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तरी मी त्यांना अहो म्हणायचं आणि त्यांनी मला अरे. ही विहीर माझ्याच हातची. त्यांच्या वडलांच्या वेळेला तिचा पहिला सुरुंग मी उडवला. तेव्हापासून मी सुरुंग्या.

त्या पोरीनं कागदावरनं नाव वाचलं. माझं, मग माझ्या बापाचं, मग आडनाव. मतदार यादीत होतं तसं सगळं. गावात माझं पूर्ण नाव असं कुणी मोठ्यानं घेतलेलं मला आठवत नाही. बाप मरून तीस वर्षं झाली होती. मला वाटलं तोच कुठनं तरी ओ देईल.

अण्णा म्हणाले, "मॅडम, असं कुणी नाय आमच्या गावात. ह्याला सुरुंग्या म्हणा, लगेच शेपूट हलवतो."

ओट्यावरची माणसं हसली. मीपण हसलो. हे सांगायला जीभ जड होते. पण हसलो.

पोरीनं समजावून सांगितलं. लोकशाहीबद्दल लोकांना काय वाटतं ते विचारायचं काम आहे. यादीतनं चिठ्ठी काढावी तशी नावं काढलीत. ज्याचं नाव निघालं त्यालाच विचारायचं. हेच प्रश्न दुसऱ्या देशांतही विचारतायत. पाकिस्तानात, बांगलादेशात, आफ्रिकेत. मग सगळ्यांची उत्तरं एकत्र करून जगातले शिकलेले लोक वाचणार. ती मला म्हणाली, "काका, बसा ना खुर्चीवर."

अण्णा म्हणाले, "त्याला सवय नाय. आन खुर्ची आत्ताच धुतलीय."

मी उभाच राहिलो. ती म्हणाली, हे एकट्याशी बोलायचं असतं. अण्णा म्हणाले, "एकट्याशी? आमच्या गावात असलं काय चालत नाय. इचारा, मी हाय की."

पोरगी थकलेली दिसत होती. सकाळपासून उन्हात फिरत होती, आणि अण्णांच्या घरचं जेवली होती. तिनं मान खाली घातली आणि विचारायला लागली.

देशाचा कारभार निवडून दिलेल्या लोकांनी करावा, का एकाच खंबीर माणसानं?

मी तोंड उघडलं. अण्णा म्हणाले, "एकाच. लिहा."

तिनं माझ्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं, खूण केली.

दुसऱ्या देशातलं सरकार बदलायला लढाई करणं योग्य आहे का?

त्या वेळी अमेरिका इराकावर चाल करून जाणार, जाणार, असं रोज चाललं होतं. आमच्या वस्तीत एकच टीव्ही होता. त्यावर मी बघितलं होतं, दूरदूरच्या शहरांत लोक रस्त्यावर आलेले. मुंगीला वाट नाही एवढे. लढाई नको म्हणत होते. त्यांत एक गोरा म्हातारा होता, माझ्याच वयाचा, काठी टेकत चाललेला. गळ्यात पाटी. त्याचं सरकार त्याचं ऐकणार नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तरी चालला होता. तो माझ्या डोक्यातनं जात नव्हता. मला त्याच्याबद्दल काहीतरी बोलायचं होतं.

अण्णा म्हणाले, "बाँब टाकलेच पायजेत. आर या पार. लिहा."

तिनं लिहिलं. असे किती तरी प्रश्न झाले. जात, पक्ष, पोलीस, बायकांनी सरपंच व्हावं का. सगळ्यांवर अण्णांचं मत आणि कागदावर माझं नाव. मी तिथंच उभा. गाळ वाळून कातडी ओढत होती.

शेवटचा प्रश्न तिनं जरा थांबून वाचला. गावात तुम्हाला तुमचं मत मोकळेपणानं सांगता येतं का?

तेव्हा अण्णा हसून म्हणाले, "हे मात्र त्यालाच इचारा. म्हणाल, अण्णानं बोलूच दिलं नाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला त्या ओट्यावरनं विहिरीचा काठ दिसत होता. आमच्या वस्तीतल्या बायका तिथनं घागरी भरतात. ओढ्याच्या पलीकडं आमची अकरा घरं, बौद्धांची. दुसरं पाणी अर्ध्या कोसावरच्या झऱ्याचं.

मी म्हणालो, "येतं."

तिनं 'होय' वर खूण केली.

अण्णांनी माझं तोंड बंद केलं, त्याचं मला एवढं काही नाही. ते जन्मापासून चालू आहे. पण एकच प्रश्न माझ्यापर्यंत आला आणि तिथं मीच खोटं बोललो. आणि ते खोटं आता सात समुद्रापलीकडं जाणार. कुणीतरी तिकडं वाचणार, की जुन्नर तालुक्यात एक माणूस आहे, तो म्हणतो सगळं बरं चाललंय.

पोरगी जाताना म्हणाली, आळेफाट्याला लॉजवर उतरलेय, उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला परत. मी परत विहिरीत उतरलो.

आता आमच्या कामाची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मी तीस वर्षं विहिरी फोडल्या. जुन्नरात, आंबेगावात, जिथं काळा पाषाण लागेल तिथं आमची टोळी. भोकं पाडायची, सुरुंगाच्या दारूची कांडी भरायची, टोपी लावायची, वात काढायची. वातीला काडी लावायच्या आधी तीनदा हाळी द्यायची, "बार हाय होऽऽ". मग टोळीतल्या प्रत्येकानं आपल्या तोंडानं ओ द्यायची, "वर हाय". ज्याची त्यानं. बापानं पोराची द्यायची नाही. मालकानं गड्याची द्यायची नाही. एक जरी आवाज आला नाही तरी काडी पेटवायची नाही. मग तो मुतायला गेलेला असो, नाहीतर रुसलेला असो. शेजारच्या शेतात दावा लावलेला वैरी असला तरी त्याची ओ येईपर्यंत थांबायचं. ही रीत कुणी कागदावर लिहिलेली नाही. पण तिच्यामुळं माणसं जगली.

ती एकदा मोडली. मी मोडली.

त्याच्या बारा वर्षं आधी, शिनोलीच्या अलीकडं एका विहिरीवर. माझा धाकटा भाऊ नामा टोळीत होता. मी हाळी दिली. सगळ्यांनी ओ दिली, नामाची आली नाही. विहिरीचा मालक काठावर उभा होता, त्याला कुठल्याशा लग्नाला जायचं होतं. तो म्हणाला, "आलाय तो वर, मी बघितला. लाव." मालक बोलला म्हणून मी लावली. नामा पहार विसरली म्हणून परत खाली उतरला होता.

जगला. पण दोन्ही डोळे गेले. त्या दिवसापासून मी वातीला हात लावला नाही. नुसता गाळ काढतो. नामा माझ्या घरी असतो, सुतळी वळतो. मला त्यानं कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. तेच लई जड जातं.

त्या दिवशी दिवस मावळायच्या आत घरी आलो. नामा दारात बसला होता. पावलावरनंच त्यानं ओळखलं.

"काय झालं रं दादा? पाय ओढतोयस."

मी सांगितलं. प्रश्न सांगितले. अण्णांची उत्तरं सांगितली. शेवटचं माझं 'येतं' तेवढं गाळलं. पण त्यानं तेच विचारलं, "आन तू काय म्हणलास?"

मग सांगितलं.

त्याचे हात सुतळीवर थांबले. मग म्हणाला, "म्हंजी परत दुसऱ्यानंच सांगितलं, गडी वर हाय म्हणून. आन तू परत मान्य केलंस."

एवढंच. बारा वर्षांत पहिल्यांदा.

मी उभ्यानंच म्हणालो, उद्या आळेफाट्याला जातो, तो कागद फाडायला लावतो. नामा म्हणाला, "जा की. पर पाणी अण्णाच्या विहिरीचं हाय. त्ये तुझ्या एकट्याचं न्हाई."

खरं होतं. मी वस्तीला न विचारता गेलो असतो तर मग अण्णांत आणि माझ्यात फरक काय? तिन्हीसांज व्हायच्या आत मी अकराही घरांपुढं गेलो. टोळीत द्यायचो तशी हाळी दिली. बाप्ये, बाया, सगळ्यांना सांगितलं, की असं असं झालंय, मी जाणार आहे, अण्णा पाणी तोडतील, ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं सांगा.

काही जा म्हणाले. काही गप्प बसले, त्यांना मी बोलतं केल्याशिवाय सोडलं नाही. कोपऱ्यावरची सोनाबाई, विधवा बाई, तिच्या डोक्यावर घागरीचा घट्टा पडलेला, ती म्हणाली, "तुझ्या मतानं माझी घागर भरती का रं? मी न्हाई म्हणती."

मी म्हणालो, "वयनी, तुझं 'न्हाई' मी मोजणीत धरलं. पाणी तुटलं तर पलीकडच्या झऱ्याची तुझी पहिली घागर माझ्या डोक्यावर."

ती म्हणाली, "बोलतोस लई. वाहशील तवा बघू." पण दार लावलं नाही. बघत उभी राहिली.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तांबडं फुटलं तसा निघालो.

आधी अण्णांच्या बंगल्यावर गेलो. माझी पहार तिथं होती, आणि पाठीमागनं जायची मला लाज वाटली असती. अण्णा ओट्यावर चहा पीत होते. मी म्हणालो, कालचा कागद खोटा आहे, तो बदलायला चाललोय.

ते म्हणाले, "येडा झालास का? त्या कागदाला कुत्रं तरी इचारतंय का?"

मी म्हणालो, "मग तुमी कशाला भरलात, अण्णा?"

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "गेलास तर या विहिरीवर तुझा पाय नको. तुझा नको आन तुझ्या वस्तीचाबी नको. सांग जाऊन त्यांना."

"इचारलंय त्यांना. घराघरात. एक न्हाई म्हणलं, त्येबी ऐकून घेतलंय."

पहार खांद्यावर टाकली आणि निघालो. विहिरीकडं एकदा बघितलं. साठ फूट. त्यातला प्रत्येक फूट माझ्या हाताला ठाऊक होता. पुढं तीन वर्षं तिचं पाणी आमच्यात आलं नाही. सोनाबाईची घागर मी वाहिली.

आळेफाट्यापर्यंत चालत गेलो. नाशिककडं जाणारे ट्रक ओळीनं उभे होते. लॉजच्या खालच्या हॉटेलात ती पोरगी चहा पीत होती, पायाशी कागदांची पिशवी. मला खांद्यावरच्या पहारीसकट बघून घाबरली. मी पहार भिंतीला टेकवली. म्हणालो, "ताई, कालचा कागद काढा. त्यात मी न्हाई."

ती म्हणाली, "काका, एकदा भरलेला फॉर्म बदलता येत नाही. नियम आहे."

मी म्हणालो, "ज्याचं नाव त्यालाच इचारायचं, हा बी नियम हाय. तुमीच सांगितलात."

तिच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसलो. कुणी बस म्हणायच्या आत. म्हणालो, गाडी येईल, गाडी जाईल, मी उठणार नाही.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग खाली वाकून तिनं कालचा कागद शोधला, त्यावर आडवी रेघ मारली आणि कोरा घेतला. हळू आवाजात म्हणाली, काल मीच चुकले. मी तिला बरं, असू दे, म्हणालो नाही. चुकलीच होती.

पहिल्यापासनं सगळे प्रश्न झाले. खंबीर माणसाच्या प्रश्नाला मी म्हणालो, खंबीर एकच असला की बाकीच्यांनी वाकायचं, मी वाकून बघितलंय, नको. लढाईच्या प्रश्नाला म्हणालो, "बार लावणाऱ्यानं हाळी दिली का? खाली कोण कोण हाय, त्यांची ओ आली का? न्हाई आली तर काडी लावू नका." ती म्हणाली, याला कागदावर जागा नाही. मी म्हणालो, कडेला लिहा. तिनं कडेला लिहिलं. मी वाचून दाखवायला लावलं.

मग शेवटचा. गावात तुम्हाला तुमचं मत मोकळेपणानं सांगता येतं का?

विहिरीच्या तळातनं वर ओ द्यावी तेवढ्या आवाजात मी म्हणालो, "न्हाई."

बाकड्यांवरचे ड्रायव्हर वळून बघायला लागले. बघू देत.

मी दुसरीपर्यंत शिकलोय. बोट फिरवत फिरवत छापलेला 'नाही' शोधला, त्याखाली बोट ठेवलं आणि तिची खूण तिथंच पडते का ते बघितलं. पडली. मग तिला खाली माझं नाव लिहायला लावलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट.

शाई वाळली तेव्हा बोट उचललं.