लायसन न्हाई म्हणतंय

बँकेच्या कॉम्प्युटर विभागात किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणूस "माउस चालत नाही" म्हणून येतो आणि आपण माउस उलटा करून बघेपर्यंत घरचं सगळं सांगून मोकळा होतो. माउस दुरुस्त होऊन परत जातो, गोष्ट मात्र आपल्याकडेच राहते. त्यातही आमची छोटी बँक मोठ्या बँकेत विलीन झाली, त्या काळातल्या गोष्टी जरा जास्तच राहिल्या.

काम काय होतं ते साधं सांगते. आमच्या शाखा हिंगोलीच्या सर्व्हरवर लांबून काम करायच्या. शाखेत नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड, बाकी सगळं इथं. असं लांबून आत यायला लायसन लागतं, आणि ते वाटणारा एक वेगळा सर्व्हर असतो. विलीनीकरणात सगळ्यांची नावं जुन्या डोमेनमधून नव्या डोमेनमध्ये न्यायची होती. म्हणजे एका घरची माणसं दुसऱ्या घरी. माणसं निघाली, पण लायसन वाटणारा जुन्याच घरात बसून राहिला. नव्या घरातल्यांना तो ओळखेना.

*

पहिला फोन शिरड शहापूरहून आला. तिथं काउंटरला मंगलताई होत्या. कंत्राटी, पण शाखा त्याच चालवायच्या. स्क्रीनवर मेसेज आला तसा त्यांनी फोनवर मोठ्यानं वाचला, "मॅडम, लायसन न्हाई म्हणतंय."

रांगेतल्या कुणा आजोबांचा आवाज मला इकडं ऐकू आला. "घ्या! बिनालायसनची बाई बसवलीया व्हय काउंटरला?" अख्खी रांग हसली. मीही हसले.

म्हटलं, "ताई, घाबरू नका. सर्व्हरला ग्रेस पिरियड असतो. लायसन नसलं तरी काही दिवस चालू देतात. तेवढ्यात मी करते."

ताई हळूच म्हणाल्या, "नव्या बँकेनं कंत्राटी लोकांला घेतलं न्हाई, मॅडम. काल सांगितलं, सोमवारपासून येऊ नका." त्याच पुढं म्हणाल्या, "मशीनला तरी मुदत देऊन राहिले. ठेवते, लोकं खोळंबलेत."

*

वानखेडे साहेब आमचे विभागप्रमुख. बँकेतली पहिली केबल त्यांनी स्वतः शिडीवर चढून ओढली होती. लायसन नव्या सर्व्हरवर न्यायचं, तर लायसन विकणाऱ्या कंपनीच्या कॉल सेंटरला फोन करून एक लांबलचक नंबर वाचून दाखवावा लागतो. साहेब म्हणाले, "मी वाचतो. तू फक्त चुकलो तर सांग."

चष्मा पुसून त्यांनी सगळा नंबर न अडखळता वाचला. शेवटी पलीकडच्या मुलीनं हिंदीत कारण विचारलं. लायसन का हलवताय? जुना सर्व्हर खराब झाला का?

साहेब म्हणाले, "सर्व्हर ठीक है, मॅडम. बँक नहीं रही."

फोन स्पीकरवर होता. मागं बाकीच्या मुलींची बोलणी ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "सॉरी, सर. 'रिप्लेस्ड' लिख दूँ?"

"लिख दो," साहेब म्हणाले, आणि तिनं सांगितलेला नवा नंबर लिहून घ्यायला लागले.

*

कर्ज विभागातल्या शेखभाईंचा पासवर्ड सगळ्या ऑफिसला माहीत होता. मुलीचं नाव, सायमा, आणि पुढं एक आकडा. मी कितीदा ओरडले असेन. नव्या डोमेनचा नियम कडक, एवढा छोटा पासवर्ड तो घेईना.

मी म्हटलं, "शेखभाई, नावाच्या पुढं अजून काहीतरी जोडा की."

"क्या जोडूँ?"

"तिच्या सासरचं गाव जोडा."

ते खुर्चीतून उठले. म्हणाले, "वो मैं नहीं लिखूँगा," आणि पाणी प्यायला निघून गेले. सायमानं घरी न विचारता लग्न केलं होतं आणि घरात तिचं नाव कुणी काढत नव्हतं, हे मला शेजारच्या टेबलवरून कळलं. म्हणजे अख्ख्या दिवसात तिचं नाव ते घ्यायचे ते फक्त इथं, कीबोर्डवर.

परत आले तेव्हा मी तोंड फिरवून उभी राहिले. त्यांनी बराच वेळ टाईप केलं. पासवर्ड लागला.

"पूरा नाम डाल दिया," ते म्हणाले. "मेरा नाम लगा के. शादी के पहले का."

हा पासवर्ड त्यांनी परत कुणाला सांगितला नाही.

*

आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शाखेला वेगळा छोटा सर्व्हर होता, कारण तिथली लाईन कायम तुटायची. तिथं मुदत संपली तरी आमचं लायसन बसलं नव्हतं. अशा वेळी सर्व्हर आत यायला दोनच जागा ठेवतो, त्याही दुरुस्तीपुरत्या. एक मला लागायची. उरली एक, आणि ती वापरणारे दोघं: मॅनेजर उत्तमराव आणि कॅशियर प्रकाश.

दोघं सख्खे चुलतभाऊ. उत्तमरावांची आई गेली तेव्हा प्रकाश मातीला आला नाही, तेव्हापासून बोलणं बंद. एका खोलीत बसायचे आणि निरोप शिपायाच्या तोंडी पाठवायचे. पण आता एकजण बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याला आत जाता येईना.

पहिल्या दिवशी शिपाई पळून पळून दमला. दुसऱ्या दिवशी मला फोनवर मागून ऐकू आलं, "झालं का तुमचं?"

"झालं. या तुमी."

आठवडाभरात "या तुमी"चं "ये" झालं. एकदा तर प्रकाश म्हणाला, "आधी च्या घे, मंग बस."

लायसन बसलं तसं मी आनंदानं फोन केला. उत्तमरावांनी उचलला. म्हणाले, "आता दोघांला येकदमच जाता येईल म्हंता?"

"हो, साहेब. आता तकलीफ नाही."

ते आवाज खाली आणून म्हणाले, "आणखी चार दिवस तसंच ऱ्हाऊ दिलं तर बराबर दिसंल का हो?"

तसं करता येत नव्हतं. वरून तारीख ठरलेली होती. पुढं कधीतरी मी तिथं गेले, तर शिपाई परत निरोप घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर जात होता.

*

संतोष गायकवाड माझ्यासोबत काम करायचा. केबलचं भेंडोळं खांद्यावर टाकून आम्ही सगळ्या शाखा पालथ्या घातल्या. विलीनीकरणाच्या ऐन धामधुमीत, औंढ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलला अपघात होऊन तो गेला. त्याच्या जागेवर बँकेनं त्याच्या बायकोला, सवितावहिनींना, घेतलं.

त्या रुजू झाल्या त्या दिवशी त्यांचं खातं मीच उघडायला बसले. नव्या डोमेनची पद्धत अशी, की नावाचं पहिलं अक्षर आणि पुढं आडनाव. 'एस गायकवाड' टाईप केलं. स्क्रीनवर आलं: हे नाव आधीच वापरात आहे.

सगळ्यांच्या नावांबरोबर संतोषचंही नाव नव्या घरात आलं होतं. त्याचं खातं बंद करून ठेवलेलं होतं, पण होतं. वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी वाचलं.

मी म्हटलं, "वहिनी, हे काढून टाकता येतं. मग तेच नाव तुम्हाला मिळेल."

"काढू नका," त्या म्हणाल्या. "त्यांचं ऱ्हाऊ द्या. माझ्या नावापुढं दोनचा आकडा लावा."

मी दोन लावला. त्यांनी दोनदा लॉगिन करून बघितलं, बरोबर जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम, खातं बंद हाय म्हणतंय. ॲडमिनशी बोला म्हणतंय."

मी म्हटलं, "वहिनी, नावाच्या पुढं दोन लावायचं राहिलं का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "राहिलं न्हाई. मीच लावलं न्हाई."