खाकरून येणारा पोलीस पाटील

रोह्याजवळच्या आमच्या गावाचे पोलीस पाटील हैबतराव. मी त्यांना काका म्हणायचे. गावात कोण आलं, कोण गेलं याची खबर ठाण्यात देणं हे त्यांचं काम, आणि ते ते मनापासून करत. त्यांच्या नजरेमुळेच आमचे चोरीला गेलेले बैल नागोठण्याच्या वाटेवर सापडले होते. त्यामुळे खबर देणारा माणूस म्हटला की वाईटच, असं मला कुणी सांगू नये.

आणीबाणी आली. माझे वडील, त्र्यंबक मास्तर, तोंडाने फटकळ. पेणहून त्यांचे दोन मित्र यायचे आणि ओटीवर बसून सरकारला शिव्या घालायचे. ठाण्यातल्या साहेबांनी काकांना हुकूम दिला, "खिडकीखाली उभा राहा. काय बोलतात ते सांग."

काका आले, पण कुंपणापासूनच मोठ्याने खाकरत. लगेच आईने पदर सावरला आणि बाबांनी वालाचा विषय काढला. काका चहा पिऊन गेले. असं तीनदा झालं. ठाण्यात जाऊन काका सांगत,

"वालाला कीड लागली म्हणत व्हते, साहेब."

"तू खाकरत जातोस काय रे?"

"बायामाणसांचं घर हाय. न खाकरता कसा जाऊ?"

साहेबांचा पारा चढला. पुढच्या वेळी खाकरलास तर पाटीलकी गेली म्हणून समज, असा दम भरला. काका घाबरले. मिशा कितीही पिळल्या तरी सरकारपुढे माणूस माणूसच!

एका दिवेलागणीला ते गुपचूप खिडकीशी आले. ओटीवर कुणी पाहुणा नव्हता. घरात आई बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती. "तुम्हाला नेलं तर पोरांना घेऊन मी कुठं जाऊ?" काका तसेच मागे फिरले.

सकाळी येऊन त्यांनी खालमानेने सगळं सांगितलं. आई आत निघून गेली. काका तिथूनच ठाण्यात गेले. "साहेब, चोर पकडायचा असंल तर मी हाय. नवराबायकोचं बोलणं चोरायला मला लावू नका. ही घ्या तुमची पाटीलकी."

बाबांची अटक मात्र त्यामुळे टळली नाही. आठवड्याभरात पोलीस शाळेतच आले आणि वर्गासमोर त्यांना घेऊन निघाले. गावातली दारं पटापट लागली. त्याचा राग मला आजही येतो. हैबतकाका तेवढे शेतातून चिखलाच्या पायांनी आले आणि बाबांच्या बरोबरीने रोह्यापर्यंत चालत गेले.

ठाण्याच्या पायरीवर साहेबांनी अडवलं. "आता तू पाटील नाहीस. कोण म्हणून आलास?"

"शेजारी, साहेब."